आईच्या गळ्याची जुनी गाठ : शस्त्रक्रिया कुठे करावी, अर्धी की पूर्ण?

सेलूकर

नमस्कार मंडळी. आमचे गाव परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात आहे. आईचे वय ५८ वर्षे. तिच्या गळ्याची गाठ मी कळायला लागल्यापासून पाहत आलो आहे. आधी लिंबाएवढी होती, आता मोसंबीएवढी झाली आहे. दुखत नव्हती म्हणून ती दवाखान्यात गेली नाही आणि आम्हीही तिला नेले नाही, ही चूक मला मान्य आहे. गेल्या वर्षभरात मात्र तिला उताणे झोपता येत नाही. भाकरीचा घास अडकतो, म्हणून कालवणात कुस्करून खाते.

परभणीला सोनोग्राफी आणि सुईची तपासणी झाली. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत दोन्ही बाजूंना अनेक गाठी आहेत, कर्करोगाच्या पेशी दिसलेल्या नाहीत आणि रक्तातील टीएसएच (ग्रंथीचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे संप्रेरक, म्हणजे हार्मोन) मर्यादेत आहे. एक शल्यचिकित्सक म्हणतात, पूर्ण ग्रंथी काढावी. दुसरे म्हणतात, थोडी ठेवावी, म्हणजे ग्रंथीच्या संप्रेरकाऐवजी घ्यावी लागणारी आयुष्यभराची गोळी टळेल. मामांचा आग्रह पुण्याचा आहे. आई म्हणते, "परभणीच्या पुढं मी येत नाही." ती गावातल्या बायकांच्या हरिपाठात पहिली ओळ धरते आणि तिला एकच भीती आहे, ती म्हणजे आवाज जाण्याची. ज्यांच्या घरात ही शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी कृपया अनुभव लिहावा.

गोदाकाठची

सेलूकर दादा, माझी पूर्ण ग्रंथी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात काढली, त्याला आता बरीच वर्षे झाली. गळ्याच्या खालच्या वळीत आडवी चीर घेतात. आता ती मंगळसूत्राखाली कुणाला दिसतही नाही. चौथ्या दिवशी घरी आले. आवाज दोन महिने घोगरा होता, मग हळूहळू परतला. गोळी रोज सकाळी घेते. ज्या गोळीची मला सर्वांत जास्त धास्ती होती, तिचा त्रास सर्वांत कमी झाला, हे आईंना आवर्जून सांगा.

बालाघाट

शस्त्रक्रियेची घाई कशासाठी? आमच्याकडे पूर्वी खडे मीठ खात असत आणि गलगंड होत असे. आता आयोडीनयुक्त मीठ आले आहे. सहा महिने ते मीठ नेमाने द्या, बाजरी आणि कोबी बंद करा आणि मग पाहा.

सिव्हिलचा_जुना_डॉक्टर

बालाघाट यांच्या सूचनेला आधी उत्तर देतो, कारण हा समज फार पसरलेला आहे आणि त्यात निम्मे सत्य आहे. आयोडीनच्या अभावाने गलगंड होतो, हे खरे आहे. प्रौढ माणसाला रोज फक्त १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. आपल्या देशात १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तो हिमाचलातील कांगडा खोऱ्यात मिठावर झालेल्या मोठ्या अभ्यासाच्या काळातच. पुढे १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून त्यात आयोडीनअभावाचे सर्व विकार आणले गेले, कारण गरोदरपणातल्या अभावाने बाळाच्या मेंदूची वाढही खुंटते. त्यामुळे घरात आयोडीनयुक्त मीठ हवेच. परंतु मीठ नवा गलगंड होऊ देत नाही. तीस वर्षांची, आत गाठी झालेली ग्रंथी ते विरघळवत नाही. उलट अशा जुन्या गाठींना एकदम जास्त आयोडीन मिळाले, तर त्या कधीकधी बेबंद संप्रेरक सोडू लागतात आणि छातीत धडधड सुरू होते. बाजरी आणि कोबी बंद करूनही ही गाठ ओसरणार नाही.

आता सेलूकर यांना एक प्रश्न. आई दोरीवर धुणे वाळत घालताना, म्हणजे दोन्ही हात मिनिटभर डोक्याच्या वर असताना, तिचा चेहरा लाल होतो का, गुदमरल्यासारखे वाटते का?

सेलूकर

डॉक्टर, आज आईला विचारले. ती म्हणाली, "म्हणून तर दोन वर्षांपासून धुणं सुनबाईकडं दिलंय." आम्हाला हे ठाऊकच नव्हते.

सिव्हिलचा_जुना_डॉक्टर

याचा अर्थ गाठीचा काही भाग छातीच्या मधल्या हाडामागे उतरलेला असण्याची शक्यता आहे. हात वर केले की छातीच्या वरच्या तोंडाशी जागा कमी होते आणि शिरा दाबल्या जातात. शस्त्रक्रियेपूर्वी मानेचा आणि छातीचा सीटी स्कॅन करून घ्या. श्वासनलिका किती दबली आहे, बाजूला किती सरकली आहे आणि गाठ किती खोल गेली आहे, हे त्यावरूनच कळते. या बहुतेक गाठी मानेतूनच निघतात. छातीचे हाड उघडावे लागण्याची वेळ क्वचित येते. तरीही शस्त्रक्रिया कुठे करायची, याचा निर्णय स्कॅन पाहूनच घ्यावा लागेल. दुसरी तपासणी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतूंची. आजच एक बाजू हलत नसेल, तर ते आधी कळलेले बरे.

अर्धी की पूर्ण, या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोखर यांनी या शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण इतके खाली आणले की १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना या ग्रंथीवरील कामासाठी मिळाले. पण त्यांनीच १८८३ मध्ये आपले जुने रुग्ण परत बोलावून पाहिले, तेव्हा पूर्ण ग्रंथी काढलेले बहुतेक जण सुजलेले, सुस्त आणि बुद्धीने मंदावलेले आढळले. त्या काळी देण्यासाठी काहीच नव्हते. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क दिला आणि ती पुढे २८ वर्षे जगली. म्हणजे पूर्ण ग्रंथी काढणे शहाणपणाचे ठरले, ते गोळी हाती आल्यावर. आपल्या भागात जुने शल्यचिकित्सक थोडी ग्रंथी का ठेवत असत, तेही यावरून समजेल. गोळी खेड्यात मिळेल याची खात्री नव्हती, आणि रुग्ण पुन्हा तपासणीला येईल याची तर मुळीच नव्हती.

आज ती गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आजार एकाच बाजूला असेल तर अर्धी ग्रंथी काढणे पुरेसे असते, आणि तेव्हाही पाचांतील साधारण एकाला पुढे गोळी लागतेच. मात्र दोन्ही बाजूंना गाठी असताना तुकडा ठेवला, तर काही वर्षांनी तो पुन्हा वाढू शकतो. दुसऱ्या वेळी आत सर्व चिकटलेले असते आणि स्वरयंत्राच्या नसेला इजा होण्याचा धोका कितीतरी वाढतो. आपल्या आईंच्या बाबतीत माझे मत पूर्ण ग्रंथीच्या बाजूचे आहे. पण हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांचे मत माझ्या मतापेक्षा वरचे समजा.

रानवाट_बीड

मला येथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. सेलूकरांच्या आईची गोष्ट वेगळी आहे, तिला श्वासाचा त्रास आहे. पण हा धागा वाचून कुणी गळ्यातली प्रत्येक गाठ काढायला धावू नये. आमच्या जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशये गरजेविना काढल्याच्या तक्रारींचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. त्यानंतर आमच्याकडे "काढून टाकू" हे शब्द ऐकले की बाया उठून जातात आणि मी त्यांना दोष देत नाही. माझ्या मावशीला एका शिबिरात गळ्याची सोनोग्राफी करून नऊ मिलिमीटरची गाठ दाखवली आणि आठ दिवसांत दाखल व्हायला सांगितले. दुसऱ्या तज्ज्ञांनी फक्त वर्षाने पुन्हा पाहू असे सांगितले. आज पाच वर्षे झाली, गाठ तेवढीच आहे.

दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी सुरू झाल्यावर १९९३ ते २०११ या काळात थायरॉईडच्या कर्करोगाचे निदान सुमारे १५ पटींनी वाढले, पण त्या कर्करोगाने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणजे ज्या गाठींनी कधी त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हजारो गळे कापले गेले.

सिव्हिलचा_जुना_डॉक्टर

रानवाट यांच्या या आक्षेपाशी मी पूर्ण सहमत आहे. तपासलेल्या गाठींपैकी शंभरात पाच ते पंधराच कर्करोगाच्या निघतात. शस्त्रक्रियेची कारणे मोजकी आहेत : श्वास किंवा गिळणे अडणे, सुईच्या तपासणीत कर्करोग किंवा त्याचा संशय, औषधाने आटोक्यात न येणारी अतिसक्रिय ग्रंथी आणि वाढतच जाणारी मोठी गाठ. आमच्या भागाचे दुःख असे आहे की ज्यांना गरज आहे ते वीस वर्षे उशिरा येतात आणि ज्यांना नाही त्यांना आठ दिवसांत दाखल करून घेतले जाते.

जालन्याची_लेक

अतिसक्रिय ग्रंथीबद्दल लिहिते, कारण माझ्या धाकट्या बहिणीला तोच त्रास होता. डोळे बाहेर आलेले, हात थरथरत, वजन अकरा किलोंनी उतरलेले. कार्बिमाझोलने (ग्रंथीचे संप्रेरक कमी करणारे औषध) ती बरी झाली की गोळ्या सोडत असे, पुन्हा आजारी पडत असे. दर दीड-दोन महिन्यांनी रक्ततपासणी, त्यासाठी शेतातला एक दिवस बुडवून जालना गाठायचे, हे सासरी चालेना. तीन वर्षांनी डॉक्टर म्हणाले की मोठ्या शहरात राहणाऱ्या रुग्णाला मी अजून औषधावर ठेवले असते, पण तुमची परिस्थिती पाहता शस्त्रक्रियाच हिताची आहे. ग्रंथी काढल्यावरही गोळी आहेच, पण ती एकसारखी आहे आणि तपासणी आता वर्षातून एकदा होते.

एक गोष्ट मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी. त्यांनी घाई केली नाही. आधी औषधाने संप्रेरक मर्यादेत आणले, शेवटचे दहा दिवस आयोडीनचे थेंब दिले आणि मगच टेबलावर घेतले. तयारीविना शस्त्रक्रिया केली, तर ताप आणि धडधड इतकी उसळते की जीव जाऊ शकतो, असे त्यांनी समजावले होते. कार्बिमाझोल चालू असताना ताप आणि घसा दुखणे एकदम सुरू झाले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातील पांढऱ्या पेशी तपासाव्यात, हेही आम्हाला कागदावर लिहून दिले होते.

धारूरचा

माझी तक्रार आहे आणि ती कुणाच्या तरी उपयोगी पडावी म्हणून लिहितो. पत्नीची पूर्ण ग्रंथी जवळच्या एका शहरातील खासगी रुग्णालयात काढली. तिसऱ्या दिवशी घरी पाठवले, कॅल्शियमची तपासणी न करता. त्याच रात्री तिच्या ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांना, आणि पहाटे दोन्ही हातांची बोटे आखडून कोयरीसारखी झाली. शेजारच्या आजींनी "बाहेरचं आहे" म्हणून लिंबू उतरवले. मीही तासभर ते होऊ दिले, त्याची टोचणी अजून आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाहताच शिरेतून कॅल्शियम सावकाश दिले आणि अर्ध्या तासात बोटे मोकळी झाली. मुंग्या आल्या तर काय करायचे, ही दोन ओळींची सूचना घरी पाठवताना कुणीतरी द्यायला हवी होती.

सिव्हिलचा_जुना_डॉक्टर

धारूरकर, आपण लिहिले ते फार मोलाचे आहे. थायरॉईडच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियम त्या सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्यांचा रक्तपुरवठा दुखावतो आणि पूर्ण ग्रंथी काढलेल्या चार-पाच जणांतील एकाला काही दिवस किंवा आठवडे कॅल्शियम कमी पडते. अनुभवी हातात कायमचा त्रास शंभरात एक ते तीन जणांना होतो. म्हणून घरी सोडण्यापूर्वी कॅल्शियम तपासा, अशी मागणी नातेवाइकांनी करावी. ती मागणी उद्धटपणाची नाही.

लातूरकर_भूलतज्ज्ञ

या शस्त्रक्रियेची अर्धी जोखीम माझ्या बाजूला, म्हणजे डोक्याकडच्या बाजूला असते. दबलेल्या, वाकलेल्या श्वासनलिकेत नळी घालणे अवघड असते. त्यासाठी लवचीक दुर्बीण, जागेपणी नळी घालण्याचा सराव आणि नंतर अतिदक्षता विभागातील खाट, हे तिन्ही हवे. वर्षानुवर्षे दाबाखाली राहिलेल्या श्वासनलिकेच्या कडा कधीकधी मऊ पडलेल्या असतात आणि गाठ निघाल्यावर ती आत कोसळते.

सेलूकर, शल्यचिकित्सकांना तीन प्रश्न नम्रपणे विचारा. आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? अमेरिकेतील मोठ्या नोंदींमध्ये वर्षाला २५ पेक्षा अधिक करणाऱ्यांकडे गुंतागुंत कमी आढळली आहे. स्वरयंत्राची नस डोळ्यांनी ओळखून मग पुढे जाता का? नस तपासण्याचे यंत्र असले तर चांगलेच, पण ते नस शोधणाऱ्या नजरेची जागा घेत नाही. आणि पहिल्या रात्री रुग्णालयात कोण असते? गळ्यात आत रक्त साचले तर श्वास मिनिटांत कोंडतो, आणि तेव्हा टाके खाटेवरच उघडणारा माणूस हजर असावा लागतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "बोलावल्यावर येतात" असे मिळाले, तर दुसरीकडे जा, मग ते शहर पुणे असले तरी.

उदगीरचा_नातू

आमच्या आजोबांच्या काळात गळ्याची गाठ म्हटले की उदगीरची माणसे हैदराबादला उस्मानिया रुग्णालयात जात. आता अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी, एवढी शासकीय महाविद्यालये मराठवाड्यातच आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवा आणि दोन्हींवरचे नाव सारखे आहे ना, ते पाहून घ्या. आमचे आठ दिवस त्याच एका वेलांटीत गेले.

धाराशिवची_ताई

कर्करोगाबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहिते. माझ्या गाठीचा सुईचा अहवाल संशयास्पद होता. काही प्रकारांत सुईवरून कर्करोग आहे की साधी गाठ, हे सांगताच येत नाही. गाठीचे आवरण फुटले आहे का, हे पाहण्यासाठी गाठ काढूनच तपासावी लागते. म्हणून आधी अर्धी ग्रंथी काढली, अहवाल कर्करोगाचा आला आणि पंधरा दिवसांत दुसरी बाजू काढावी लागली. मोठ्या केंद्रात गाठ टेबलावरच गोठवून तपासतात, पण माझ्या प्रकारात त्यानेही नक्की कळतेच असे नाही, असे सांगण्यात आले. दोनदा भूल घेतल्याचा राग होता, तो हे कळल्यावर गेला.

पुढे मुंबईला किरणोत्सारी आयोडीन घेतले. त्याआधी काही आठवडे गोळी बंद, आयोडीनयुक्त मीठ बंद, अंगात त्राण नव्हते. वेगळ्या खोलीत राहावे लागले, जेवण दाराशी ठेवत. लहान लेकराला काही दिवस जवळ घेता आले नाही, तेवढेच जड गेले. पण हा कर्करोग बहुतेकांचा बरा होतो, हे मला पहिल्या दिवशी कुणी नीट सांगितले असते, तर मी लेकराच्या नावावर शेत करण्याची घाई केली नसती.

कोयता

आम्ही ऊसतोड कामगार. माझ्या भावजयीची पूर्ण ग्रंथी दिवाळीच्या आधी काढली आणि पंधरा दिवसांत टोळी निघाली. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे जाणे भाग होते. सहा आठवड्यांनी रक्त तपासून गोळीची मात्रा ठरवायची होती, पण तेव्हा आम्ही कर्नाटकात फडावर होतो. गोळ्या संपल्या, तिथल्या दुकानात दुसऱ्या मात्रेची मिळाली. पाडव्याला परत आलो तेव्हा ती सुजलेली, आवाज जाड, दिवसभर झोपलेली. डॉक्टर रागावले, पण आम्ही काय सांगणार?

यंदा वहिनीने स्वतःच सहा महिन्यांच्या गोळ्या मागून घेतल्या आणि मात्रेचा आकडा मुलीच्या वहीत लिहून घेतला. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी आमच्यासारख्याला पट्टा पडल्यावरची, म्हणजे उन्हाळ्याची तारीख द्यावी, एवढेच म्हणणे आहे.

सिव्हिलचा_जुना_डॉक्टर

कोयता यांनी लिहिलेले मी आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे. कागदावर आम्ही "सहा आठवड्यांनी या" एवढे लिहितो आणि त्या वेळी रुग्ण कुठल्या जिल्ह्यात असेल, हे विचारत नाही.

गोदाकाठची

गोळीबद्दल घरगुती माहिती. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. एकादशीला गोळी सोडू नका. उपास गोळीने मोडत नाही, हे माझ्या सासूबाईंना बुवांकडून सांगवून घ्यावे लागले. आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या. पत्र्याच्या घरात मे महिन्यात गोळ्या तापतात आणि त्यांचा गुण कमी होतो. मी डबी माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवते, पण ओल लागणार नाही अशी.

बालाघाट

आयोडीनबाबत माझी समजूत चुकीची होती, डॉक्टरांनी दुरुस्त केली, आभारी आहे. सेलूकर, आईंची शस्त्रक्रिया झाली का?

सेलूकर

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. सीटी स्कॅनमध्ये गाठ छातीच्या हाडामागे चार सेंटिमीटर उतरलेली निघाली. परभणीच्या डॉक्टरांनी स्वतःच सांगितले की पहिल्या रात्रीची सोय माझ्याकडे नाही, तुम्ही नांदेडला जा. त्यांच्या या प्रामाणिकपणामुळेच आई परभणीच्या पुढे यायला तयार झाली. भूलतज्ज्ञांनी लिहिलेले तिन्ही प्रश्न विचारले, कुणालाही राग आला नाही. पूर्ण ग्रंथी मानेतूनच निघाली. अहवाल साधा आहे.

पाचव्या दिवशी, घरी आल्यावर, रात्री तिच्या ओठांना मुंग्या आल्या. धारूरकर, आपले लिहिलेले आठवले. आम्ही सकाळची वाट न पाहता सेलूला नेले, कॅल्शियम कमीच होते. आता कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून तीनदावरून एकदावर आल्या आहेत.

आवाजाचे सांगायचे तर बोलणे स्वच्छ आहे. स्वरतंतू दोन्ही हलतात. पण वरचा सूर लागत नाही, तिथे आवाज फाटतो. वरच्या सुराची बारीक नस वेगळी असते आणि ती ताणली गेली असावी, सहा महिने थांबू, असे डॉक्टर म्हणाले. सध्या हरिपाठात पहिली ओळ शेजारच्या काकू धरतात आणि आई खालच्या सुरात मागून म्हणते. रात्री ती उताणी झोपते. अडीच महिने झाले आहेत.